गोष्टीचा कापूस

आमच्याकडे कापूस वेचताना गोष्ट सांगायची एक रीत होती. आता ती जवळजवळ मोडली आहे. ती आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

बायका वावरात एका रांगेत उभ्या राहून आपापली पात धरायच्या. पात म्हणजे जिच्या-तिच्या वाट्याला आलेली पऱ्हाटीची, कापसाच्या झाडांची, ओळ. कमरेला फडक्याची ओटी बांधलेली असायची. बोंडातला कापूस काढायचा आणि ओटीत टाकत पुढं सरकायचं. गोष्ट सांगणारी मधल्या पातीत असे, म्हणजे दोन्हीकडं ऐकू जाई. पात संपून सगळ्या धुऱ्याशी, म्हणजे वावराच्या बांधाशी, आल्या की ती गोष्ट थांबवायची आणि विचारायची, "सांगा वं बायांनो, आता राजकन्येनं गडाबाहेर पडावं का गडातच राहावं?"

जिला वाटे की जावं, तिनं आपल्या ओटीतला मूठभर कापूस सांगणारीच्या ओटीत टाकायचा. जिला वाटे की राहावं, तिनं आपली मूठ आपल्याजवळ ठेवायची. निम्म्याहून जास्त बायांच्या मुठी पडल्या तर परतीच्या पातीत राजकन्या निघायची. नाही पडल्या तर त्या दिवशी ती गडातच राहायची आणि मग गोष्ट गडातल्या स्वयंपाकाची, जावांच्या भांडणाची व्हायची. तीही काही वाईट नसायची. सांगणारीला मात्र स्वतःची मूठ नसे. तिनं फक्त विचारायचं. ओटीत पडलेला तो गोष्टीचा कापूस मालकाच्या वजनकाट्यावर जात नसे, तो सांगणारीचा.

ही गोष्ट मानीबाई सांगायची. ती बंजारा तांड्यावरची. घरी गोर बोली बोलायची आणि वावरात आमच्यासारखी वऱ्हाडी. माझ्याहून किती तरी मोठी, तरी मला लाडानं 'याडी' म्हणायची. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. मी तेव्हा या घरात नवी सून होते आणि कापूस वेचताना बोंडांच्या टोकदार नख्यांनी बोटं फाडून घेत होते.

तिची राजकन्या अशी होती. एका उंच गडावर सात दरवाजांच्या आत ती राहायची. एके दिवशी गडावरची सगळी पाखरं मुकी झाली. चिमणी चोच उघडे, पण आवाज निघेना. जंगलापलीकडच्या राक्षसानं सगळ्यांचे आवाज एका भोपळ्यात कोंडून तो झाडाला टांगून ठेवला होता. तो आणायला कोणी जाईना, कारण गडाला एक शाप होता. सातवा दरवाजा जो ओलांडेल त्याचा चेहरा गडावरची माणसं विसरतील. माय विसरेल, बापही विसरेल. काटे, वाघ, राक्षस हे सगळं त्याच्यानंतरचं.

"भ्याव पुरं सांगा लागते," मानीबाई मला म्हणायची. "अर्ध भ्याव सांगून बायांची मूठ घेतली, तं ते चोरी होते."

मी नर्सच्या शिक्षणासाठी यवतमाळला निवडले गेले तेव्हा माझा धर्मपाल नुकता बोलायला लागला होता. सुनेनं लेकरू टाकून वसतिगृहात राहायचं हे गावाला पटत नव्हतं. घरात मात्र माझ्या सासूबाई काही बोलत नव्हत्या, ना हो ना नाही. मानीबाईनं त्या आठवड्यात हीच गोष्ट काढली. धुऱ्यावर आलो, तिनं विचारलं, आणि सगळ्यांच्या आधी माझ्या सासूबाईंनी मूठ टाकली. नुसती टाकली नाही, दाबून बसवली. म्हणाल्या, "जाऊ द्या तिले. गडातल्या लेकराले मी पाहीन."

राजकन्येला लेकरू नव्हतं. पण एकही बाई हसली नाही.

मी गेले. मानीबाईनं त्या दिवशीच्या गोष्टीच्या कापसाची सरकी हातानं काढली आणि मला उशी करून दिली. ती उशी माझ्याबरोबर वसतिगृहात होती, पुढं नोकरीत वणीकडच्या उपकेंद्रात होती, जिथं बदली झाली तिथं होती. शनिवारी जीप धरून मी घरी यायची आणि सोमवारी पहाटे निघायची. आठवडाभर धर्मपाल आजीच्या मागं वावरात आणि मानीबाईच्या पातीत वाढला. या दोन बायांचे उपकार मी मोजत बसले नाही, कारण ते मोजायचे कसे हे मला कधी कळलं नाही.

आता दोघीही नाहीत. मी निवृत्त होऊनही बराच काळ लोटला. गुडघे कुरकुरतात, पण वेचणीच्या दिवसांत मी वावरात जातेच. धर्मपाल शेती बघतो. आणि ज्याच्यासाठी हे सगळं सांगते आहे, ती माझी नात पायल.

पायलनं वनरक्षकाच्या भरतीचा अर्ज केला होता. पहाटे ती घाटंजीच्या सडकेवर धावायची आणि धर्मपाल मोटारसायकलीचा दिवा लावून तिच्या मागं मागं जायचा. तिच्या पायाला फोड आले तर हाच तेल आणि हळद आणून द्यायचा. आणि तिची निवड झाल्याचं कळलं तेव्हा त्यानं जेवण अर्धं सोडलं.

"तुम्हीच तं मांगं मांगं गाडी घेऊन येत होते बाबा," पायल म्हणाली.

"मले वाटलं धावते तं धावू द्या. तब्येतीले चांगलं असते. निवड होईन हे कोनाले माहीत."

"म्हंजे मी नापास होईन म्हणून तुम्ही दिवा दाखवून राह्यले होते?"

माझी सून पदराआड हसली. ती आधीच लेकीच्या बाजूला होती. धर्मपाल मात्र हसला नाही. आमच्या भागात वाघ म्हणजे चित्रातला प्राणी नाही. पांढरकवड्याकडं वाघानं बैल नेल्याचं आम्ही ऐकतो, कधी माणूस गेल्याचंही ऐकतो. बाया वावरात जाताना डबे वाजवत जातात. आणि ही पोरगी त्याच जंगलात पायी फिरायची नोकरी मागत होती. आठ दिवसांत तिला रुजू व्हायचं होतं. बापाचं मन मोडून मी जाणार नाही, असं ती स्वतःच म्हणून बसली होती. त्यामुळे सगळं त्याच्या एका होकारावर अडलं होतं.

तो माझ्याकडं वळला. "माय, तू सांग. तू म्हनशीन तसं."

 मी स्वतः गेले होते, तेव्हा तिला 'जा' म्हणणं मला सोपं जायला हवं होतं. पण लहानपणी पायल माझ्या कुशीत झोपायची, त्याच उशीवर. रात्री तिचा पाय माझ्या पोटावर असायचा. तो पाय जंगलात पडणार म्हटल्यावर माझ्यातली नर्स गप्प झाली आणि म्हातारी बोलायला लागली. "पाहू," एवढंच मी म्हणाले.

पायल चतुर. म्हणाली, "आजी, तुले सांगता येत नसंन तं वावरात इचार. मानीआजीची गोष्ट सांग."

"बाया म्हनतीन तं तुले वाघाकडं धाडू काय?" धर्मपाल म्हणाला.

"नका धाडू. पन गोष्ट तं ऐकू द्या."

दुसऱ्या दिवशी वावरात वेचणीला बाया आल्या. पूर्वीसारख्या नाही, आता थोड्याच येतात, आणि त्यांतल्या अर्ध्यांच्या कानात मोबाइलच्या तारा असतात. जुबैदा होती. तिच्या नवऱ्याचं गावात ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि तिच्या जिभेला दुरुस्तीची कधी गरज पडली नाही. रामधनची बायको होती, ती मानीबाईच्या तांड्यावरचीच. पायल माझ्या शेजारच्या पातीत होती. धर्मपाल धुऱ्यावर काटा आणि गाठोडी बांधायची फडकी घेऊन बसला होता.

मी ओटी बांधली आणि मधली पात धरली. जुबैदानं कानातली तार काढली. "नर्सबाई, आज तुम्ही सांगून राह्यल्या काय? सुई तं नाई टोचनार?"

"ऐक तं खरं," मी म्हणाले.

किती तरी वर्षांनी सांगत होते, तरी गोष्ट आपोआप आली. गड आला, सात दरवाजे आले, मुकी पाखरं आली. जंगलापाशी पोचले तेव्हा मनात आलं की वाघ जरा मोठा करावा, राक्षसाचे दात जरा लांब करावेत. म्हणजे बायाच म्हणतील की राहू द्या, आणि मला काही बोलावं लागणार नाही. मग मानीबाईचं वाक्य आठवलं. अर्धं भय सांगणं चोरी, तर दीडपट भय सांगणंही चोरीच. मी वाघ तिनं सांगितला तेवढाच ठेवला. काटे तेवढेच ठेवले. आणि शाप सांगितला, की घरचे चेहरा विसरतील.

"आधार कार्ड घेऊन जाईन म्हना," जुबैदा म्हणाली. "दरवाजावर दाखवलं का झालं."

"त्याच्यावरचा फोटो पाहून तं सख्खी मायबी ओळखत नाई," रामधनची बायको म्हणाली, आणि सगळ्या पातींत हसू पसरलं.

"पन मी म्हनते, पाखरं मुकी झाली तं होऊ द्या ना," शेवटच्या पातीतली एक म्हातारी म्हणाली. "पोरीनं कायले जाव? राजाजवळ फौज नाई काय?"

"फौजेचेबी चेहरे विसरतीन ना वं बुढे माय. मंग पगार कोनाले द्याचा?"

"आन् गडात राहून करनार काय? सात दरवाजे झाडत बसनार?" ही रामधनची बायको.

"झाडंन. वाघाच्या पोटात जाण्यापरीस बरं."

"पोटात जाईन हे कोनं सांगतलं तुले? वाघानं फोन केलता काय?"

 पायलचे हात भराभर चालत होते, आणि तिची ओटी सगळ्यांत आधी भरली.

धुऱ्याशी आलो. मी कंबर सरळ केली आणि विचारलं, "सांगा वं बायांनो, राजकन्येनं बाहेर पडावं का गडातच राहावं?"

जुबैदानं मूठ टाकली. "जाऊ द्या. घरात ठेवली तं माह्यासारखी बडबड करंन." रामधनच्या बायकोनं टाकली. शेवटच्या पातीतल्या म्हातारीनं हात पाठीमागं घेतले, तिच्या बाजूच्या दोघींनीही घेतले. पायलनं टाकली नाही. मी तिच्याकडं पाहिलं तर म्हणाली, "माहीच गोष्ट हाय, मी कशी टाकू?"

दोन मुठी आत आणि तिघींच्या आपल्याजवळ. राजकन्या गडातच राहणार होती. मला सुटल्यासारखं वाटलं, तरी पायलकडं बघवेना.

तेवढ्यात पलीकडं काट्याशी गाठोडी बांधण्यात गुंतलेला धर्मपाल उठला. पुरुषांनी मूठ टाकायची रीत नाही, पण नाही टाकायची असंही कोणी कधी म्हटलं नव्हतं. त्यानं काट्याजवळच्या ढिगातून कापूस घेतला. मोठी, नांगर धरणारी मूठ. तो माझ्यापुढं आला आणि त्यानं ती माझ्या ओटीत टाकली. टाकली, आणि वरून दोन बोटांनी दाबली.

 पायलच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बाबा," ती म्हणाली, "खरंच जाऊ?"

धर्मपाल गोंधळला. "जाऊ? मी तं राह्य म्हनून टाकला."

"मूठ टाकली म्हंजे जाव, भाऊ," जुबैदा म्हणाली. "राहावं वाटते त्यानं टाकाची नसते."

"असं कसं? ओटीत टाकलं म्हंजे जपून ठेवलं ना. लहानपनापासून मी असाच टाकतो."

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. मानीबाईच्या पातीत मागंमागं फिरणारं माझं पोर. सासूबाई सांगायच्या, तुझा धर्मपाल रोज मानीबाईच्या ओटीत कापूस टाकतो, भलतं वेड आहे त्याला गोष्टीचं. आणि आम्ही हसायचो.

"कोनासाठी टाकत होता रे तू?" मी विचारलं.

तो पायाच्या अंगठ्यानं ढेकूळ फोडत राहिला. चार बायांपुढं पन्नाशीच्या माणसाला हे बोलणं जड जात होतं. "तुह्यासाठी. मले वाटे, राजकन्या म्हंजे तूच. तू सोमवारी जाऊन राहे, मी मूठ टाको. आन् मानीबुढी म्हने, निघाली राजकन्या. मले वाटे, माही मूठ लहान हाय म्हनून कमी पडते."

मी धुऱ्यावरच बसले. म्हणजे जी मूठ हा मला थांबवायला टाकत होता, ती मानीबाई मला पाठवायच्या बाजूनं मोजत होती. तिला त्याच्या मनातलं माहीत नव्हतं, त्याला तिची रीत माहीत नव्हती, आणि मला या दोन्हीतलं काही माहीत नव्हतं. आणि माझी सगळी नोकरी, अडलेल्या बाया, रात्री-अपरात्री जन्मलेली ती सगळी लेकरं, त्या चिमूटभर मुठींवर उभी होती.

"रागावत होता का रे मह्यावर?"

"रागावाले काय झालं? शनिवारी तं येत होती तू. जीप थांबे, मी सडकेवरच राहो. तुह्या पिशवीले दवाखान्याचा वास ये आन् आत शेंगदान्याचे लाडू राहे." त्यानं फुटलेलं ढेकूळ पायानं बाजूला सारलं. "चेहरा काही इसरलो नाई मी तुहा."

 

मग मी ओटी त्याच्यापुढं धरली. "चुकून पडली असंन तं काढून घे बाबू. अशा मुठीनं पोरगी धाडू नये. तुह्या मनात असंन तसंच होईन."

त्यानं ओटीत हात घातला. मी वेचलेला कापूस, जुबैदाचा, रामधनच्या बायकोचा आणि त्याचा, सगळा एकच पांढरा ढीग होता. तो बोटं फिरवत राहिला, खाली-वर करत राहिला.

"आंगठीगिंगठी पडली काय भाऊ?" जुबैदानं हळूच विचारलं.

तो हसला. निवड कळल्यापासून पहिल्यांदा हसला. मग हात बाहेर काढला, रिकामा.

"राहू द्या," तो म्हणाला. "तवा मूठ लहान होती. आता मोठी हाय. मोजा तिले." आणि पायलकडं न बघता म्हणाला, "शनिवारी यायचं पन. जंगलाले सुट्टी असंन तवाच शनिवार."

"तीन आन् तीन झाल्या की वं," शेवटच्या पातीतली म्हातारी कुरकुरली. "बरोबरीत काय करतेत?" आणि कोणी उत्तर द्यायच्या आत तिनंच आपल्या ओटीतली मूठ काढून माझ्या ओटीत टाकली. "घ्या. पन पोरीले काठी द्याजा हातात."

परतीच्या पातीत राजकन्या निघाली. मी काटे सांगितले, वाघ सांगितला, भोपळा फोडला आणि पाखरांचे आवाज आभाळभर सोडले. ती परत आली तेव्हा सातव्या दरवाजावर कोणी तिला ओळखेना. मानीबाई इथं सांगायची की एका चिमणीनं तिला ओळखलं. मी ते बदललं. मी सांगितलं की सडकेवर एक लहान पोरगा उभा होता, त्यानं ओळखलं. धर्मपाल काट्याशी वाकून गाठोड्याची गाठ मारत होता. ती गाठ त्यानं सोडून पुन्हा मारली.

त्या दिवशीचा गोष्टीचा कापूस मी घरी आणला. सरकी हातानं काढली. डोळे आता पहिल्यासारखे नाहीत, तरी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. सुनेनं माझ्या जुन्या पांढऱ्या नोकरीच्या साडीचा अभ्रा शिवला. जुबैदा येऊन शिवण बघून गेली आणि दोन टाके उसवून पुन्हा घालून गेली. पायल निघाली तेव्हा बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली, तिनं माझ्या पायाला हात लावला, आणि बाप तिला मोटारसायकलीवर बसवून घाटंजीच्या बसथांब्यापर्यंत घेऊन गेला. उशी दोघांच्या मध्ये होती.

आता तिचं प्रशिक्षण संपलं आहे. टिपेश्वराकडच्या जंगलात ती फिरते. काठी आहे हातात. फोनचा आवाज तिथून नेहमी पोचत नाही, पोचला की ती आधी बापाशी बोलते, मग माझ्याशी. परवा म्हणाली, "आजी, उशीत एक सरकी राह्यली वाटते. कानाले टोचते."

"काढू का? घेऊन ये शनिवारी."

"नको," ती म्हणाली. "राहू दे. टोचली का तुमचे चेहरे दिसतेत."

मी फोन ठेवला आणि उगीच बाहेर येऊन उभी राहिले. मानीबाईनं दिलेल्या माझ्या उशीतही एक सरकी राहिली होती. इतकी वर्षं मला वाटायचं, तिच्या नजरेतून सुटली असेल.